बनाबाईचा हुंकार

शेगावला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मंजुश्रीचा प्रोग्राम सकाळपासून काही केल्या चालेना. सर नेहमी म्हणायचे, चूक सापडत नसली की ओळ न् ओळ कोणाला तरी समजावून सांगा. तिनं सोनाळ्याला मायला फोन लावला. बनाबाई तुरीच्या शेंगा सोलता सोलता, गोष्ट ऐकावी तशी प्रत्येक ओळीला "हूं" म्हणत गेली. मधेच एका ओळीला मात्र हुंकार आलाच नाही. मंजुश्री थबकली. तिनं ती ओळ पुन्हा वाचली, अन् चूक तिथंच निघाली.

"माय वं, तुले कसं समजलं?"

"मले काय समजते त्यातलं? तुहा आवाज तिथं खाली गेला. लहानपणी खोटं बोलतानी जाये, तसाच."