राइट, राइट

बस आली तशी भूदेवीनं तोंड फिरवलं. बस तिच्याच डेपोची, तिच्याच रूटची. फक्त पुढच्या काचेवर ‘तात्पुरती सेवा’ असा कागद डकवला होता.

“अम्मा, बस!” रजिता म्हणाली.

“दिसली.”

“आपल्या सफिलगुड्याचीच आहे.”

“तेही दिसलं. चल.”

भूदेवी कंडक्टर होती आणि हैदराबादच्या साऱ्या कंडक्टर-ड्रायव्हरांसारखी संपावर होती. सकाळी घरून निघून, थोडं पायी आणि थोडं भाजीच्या टेम्पोत उभ्यानं, तिनं लेकीचं सासर गाठलं होतं. आज बतुकम्माचा, बायकांच्या फुलांच्या सणाचा, शेवटचा दिवस. लग्नानंतरची पहिली बतुकम्मा मुलीनं माहेरी खेळायची, आणि माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सासरचे तिला पाठवत नाहीत. विहीणबाईंनी चहाबरोबर टोमणाही दिला होता, “अख्ख्या शहराला पोचवता, आणि स्वतःच्या लेकीला न्यायला पायी आलात?” भूदेवीनं चहा तेवढा घेतला.

आता ऊन कलत होतं. रिक्षांत मुंगी शिरायला जागा नव्हती. घराजवळच्या बायका फुलं रचून केलेल्या बतुकम्मा डोक्यावर घेऊन दिवेलागणीला तळ्यात सोडायला निघणार, आणि त्या काही एका रजितासाठी थांबणार नव्हत्या. पायी गेलं तर तळ्यावर ओली फुलं तेवढी दिसतील, हे दोघींनाही कळत होतं. रजिताच्या नव्या चपला टाचेला चावत होत्या. दर चार पावलांनी थांबून ती निऱ्या सावरल्याचं सोंग करत होती.

बस त्यांच्या पुढ्यातच, ईसीआयएलच्या चौकात थांबली आणि माणसं तिच्यावर तुटून पडली. दारात संपापुरती घेतलेली नवी कंडक्टर उभी होती, कॉलेजातून परवाच बाहेर पडल्यासारखी. तिची थैली सारखी खांद्यावरून घसरत होती आणि तिचं “सरका, पुढं सरका” तिलाच ऐकू येत नसावं. एका म्हातारीनं फुलांचं ताट सावरत पायरीवर एक पाय टेकला, दुसरा अजून रस्त्यावरच होता, आणि ड्रायव्हरनं गाडी सोडली.

भूदेवीचा हात तिला न विचारता उठला. पत्र्यावर सणसणीत एक थाप बसली. “थांब!”

गच्चकन ब्रेक लागला. भूदेवीनं म्हातारीला बगलेत धरून आत चढवलं आणि मागून ताट दिलं. “दांडी धर, अव्वा,” ती म्हणाली आणि मागे सरली.

बस मात्र हलेना. ड्रायव्हर घाबरला होता. खिडकीतून मान बाहेर काढून तो भूदेवीकडे बघत होता. नवी कंडक्टरही तिच्याकडेच बघत होती.

“अक्का, राइट म्हणा ना,” ती काकुळतीला आली. “तो आता तुमचंच ऐकेल.”

“मी संपावर आहे.”

“मग गाडी थांबवली कशाला?” आतून कुणीतरी खेकसलं.

“अरे, गाडी थांबवणं म्हणजेच संप!” दुसऱ्यानं उत्तर दिलं, आणि घामाघूम झालेली माणसंही हसली.

म्हातारीनं खिडकीतून डोकं काढलं. “मला आत घातलंस, आता तूही ये की. त्या पोरीचे पाय बघ जरा.”

“या ना अक्का,” नवी कंडक्टर हळूच म्हणाली. “मी तिकीट नाही घेणार.”

भूदेवी उसळली. “तिकीट नाही घेणार? थैली खांद्यावर आहे ना तुझ्या? मग बिनतिकीट कुणाला घ्यायचं नाही. सख्ख्या आईलासुद्धा नाही!”

पोरीनं मान खाली घातली. म्हातारी मात्र हटेना. “संप काय लेकीपेक्षा मोठा झाला का गं?”

हे भूदेवीला लागलं. सणाचा दिवस असूनही तिच्या सोबतिणी डेपोच्या फाटकाशी बसून होत्या, आणि लेकीला आणायला जा म्हणून त्यांनीच तिला संपातून एक दिवसाची रजा दिली होती. ही पायरी चढून उद्या ती त्यांच्यात कोणत्या तोंडानं बसणार होती? पण पहिली बतुकम्मा पोरीच्या जन्मात एकदाच येते, तेही खोटं नव्हतं.

“रजिता, चढ,” ती म्हणाली. “तू काही संपावर नाहीस. उतरलीस की सरळ तळ्यावर जा. बायकांना सांग, अम्मा मागून येतेय. आणि तिकीट काढ.”

रजितानं पायरीवर पाय ठेवला. वरून म्हातारीनं हात पुढे केला. रजितानं वळून आईकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत धूळ, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं, आणि चेहऱ्यावर दगडासारखा हट्ट.

तिनं पाय खाली घेतला. पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि चौकाच्या पलीकडे ऐकू जाईल अशी ओरडली, “राइट! राइट!”

हुबेहूब आईचा आवाज. बस हलली, वळली आणि दिसेनाशी झाली.

भूदेवी तिच्यावर धावून गेली. “तुला कुणी सांगितलं गं राइट म्हणायला?”

रजितानं वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

“मी कुठं संपावर आहे?” ती म्हणाली, आणि आईच्या पुढे झपाझप चालू लागली.