तारेवरचं शिरपूर

“धुळं लागलंय, बोला.”

किती वर्षं झाली, तरी टेलिफोन एक्सचेंजमधल्या प्रमिलाबाईंचा तो आवाज पितांबरच्या कानातून गेला नव्हता. पाटाच्या पाण्यासारखा झुळझुळीत. त्या मध्येच कान लावून ऐकायला लागल्या, की पलीकडचं बोलणं खोल विहिरीत उतरल्यासारखं बारीक व्हायचं. साक्रीत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

ब्याऐंशी साली जंगलजमिनीच्या लढ्यातला पुना पोलिसांपासून लपला, तेव्हा त्याचे निरोप पितांबरच्या दुकानातल्या फोनवरून वकिलांना जायचे. पोलिसांनी पितांबरसकट साथीदारांना आत टाकलं आणि एका सकाळी पुनाला पिंपळनेरजवळ गाठून गोळी घातली. पितांबर तेवढा लवकर सुटला, म्हणून तिरडीला खांदा द्यायला आपलं माणूस तरी होतं. फोन ऐकला, म्हणून पोरगं गेलं, असं सगळं गाव म्हणालं.

पुनाच्या आईचं, रुक्माबाईचं, मागणं एकच, पोलिसांना ठिकाणा सांगणाऱ्याचं नाव. “माले नाव जोयजे. मना लेकना ठिकाना कोनी सांगा, तेवढं नाव.”

तिच्यासाठी पितांबरनं धुळ्याच्या कोर्टात टेलिफोन खात्यावर दावा लावला. ज्वारी उभी सोडून तारखा केल्या. आज निकाल होता. अभिमन वकील काळा कोट खांद्यावर टाकून बाहेर आले.

“फेटाळला, भाऊ. सरकारच्या हुकमानं ऐकलं, म्हणून खात्याला हात लावता येत नाही. कोणी ऐकलं, काय ऐकलं, विचारायचीसुद्धा सोय नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

पितांबरनं उपरण्यानं तोंड पुसलं आणि तो शेजारी उभ्या रुक्माबाईकडे वळला. “चल अक्का. आता देवाच्याच दारी विचारू.”

फाटकाशी, लिंबाखाली, पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. पितांबरनं तिला कधी पाहिलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि त्यानं ओळखलं.

“अक्का, मी प्रमिला. एक्सचेंजातली. ऐकणारी मीच.” ती रुक्माबाईच्या पायांशी बसली. “कायद्यानं मला वाचवलं, पण डोळा लागत नाही. द्या शिव्या.”

रुक्माबाईनं शिवी दिली नाही. तीही धुळीत बसली. “काय आयकं तू? जसं आयकं तसं सांग, बाई.”

“पितांबरभाऊ वकिलांना म्हणाले, पाहुणा शिरपूरला पोचला. तेच मी साहेबांना कळवलं. दुसरं गाव तारेवर आलंच नाही. तिथूनच माग काढला असेल त्यांनी.”

“शिरपूर तं तापीपल्याड शे,” रुक्माबाई म्हणाली. “मना पुना पिंपळनेरले व्हता.” तिनं भाबडेपणानं मान वळवली. “पितांबर, तू सांग ना इले.”

पितांबरही खाली बसला.

“फोन ऐकतात हे आम्हाला माहीत होतं, अक्का. म्हणूनच तारेवर खोटं गाव सांगितलं,” तो म्हणाला. “मला सोडतो म्हणाले, तेव्हा ठाण्यात पिंपळनेर मी सांगितलं.”