छापलेलं वाक्य

अमेरिकन लेखक हार्लन घानाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या एल्मिनात नऊ वर्षं राहत होता, आणि त्या काळातली त्याची निम्मी जेवणं मासे धुरवून विकणाऱ्या मान्सामायच्या चुलीवरची होती. त्याचं नवं पुस्तक आलं तेव्हा ती ते घेऊन शाळेत माझ्याकडे आली. "मास्तर, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाच." मी आमच्या भाषेत सांगत गेलो. पुस्तकात होतं, होडी उलटून स्वतःचा मुलगा बुडाला त्याच दिवशी एक कोळीण शांतपणे माशांना धुरी देत बसली होती. या लोकांना दुःख आपल्यासारखं होत नाही, असंही त्यात लिहिलं होतं. मान्सामाय उठली ती तडक किनाऱ्यावर, हार्लन बसला होता तिथं गेली. मीही मागे धावलो. तिनं मासळी विकणाऱ्या सगळ्या बायकांसमोर पुस्तक हार्लनच्या मांडीवर आपटलं. "वाच मोठ्यानं. ऐकू दे यांना." "मान्सामाय, ही कादंबरी आहे. नाव बदललंय मी." "नाव बदललंस, पण बुडाला तो माझाच एबो ना? मयतीला आलेल्या गावाला जेवायला घालायचं होतं, म्हणून बसले होते मी चुलीपाशी. शेजारी बसून लाकडं तूच सारत होतास. माझ्या डोळ्यांतलं पाणी धुराचं वाटलं तुला?" हार्लननं खिशातून पेन काढलं आणि कागद फाटेपर्यंत ते वाक्य खोडलं. "खोडलं, मान्सामाय. माफ कर." "अशी किती पुस्तकं छापलीत?" तिनं विचारलं. "वीस हजार," तो पुटपुटला. "मग बसलास काय? ऊठ, बाकीची खोडायला जा."