दिवसाचे बावीस तास

"दात जागचे हललेलेच नाहीत," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दात सरळ करणारे हे पारदर्शक अलाइनर दिवसाचे बावीस तास तोंडात हवेत. फक्त जेवताना काढायचे. तुम्ही मध्येमध्ये काढता का?"

मी काही बोलायच्या आत शेजारच्या खुर्चीतून नवरा बोलला. "काढते का म्हणजे काय! दिवसभर स्वयंपाकघरात काहीतरी चरत असते. हिचं तोंड म्हणून बंद नसतं."

डॉक्टरीणबाई हसल्या. औषधाचा ट्रे धरून उभी असलेली नर्ससुद्धा हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी अलाइनर दातांवर चढवले आणि मनाशी ठरवलं, आता जेवायला बसेपर्यंत हे निघायचे नाहीत.

संध्याकाळी पानं वाढली. पहिल्याच घासाला सासऱ्यांना ठसका लागला आणि त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. "अगंबाई, भाजीत मीठच मीठ!" सासूबाई म्हणाल्या. लेकीने गुपचूप ताट पुढे सरकवलं. नवऱ्याने रश्शाचा भुरका मारला आणि वाटी आदळली.

"भाजी खारट आणि रस्सा अळणी? बारा वर्षांत असं कधी झालं नाही. वाढायच्या आधी जरा चाखून बघता येत नाही?"

मी अलाइनर काढले, डबीत ठेवले, झाकण लावलं.

"रोज बघते. बारा वर्षं, एकेक पदार्थ," मी म्हणाले. "सकाळी डॉक्टरांसमोर तुम्ही त्यालाच चरणं म्हणालात."