पट्ट्याला हात

नेरी दुसऱ्या बेसवर, एकही भिडू बाद नाही, दोन्हीकडे गुण सारखे, आणि बॅट घेऊन योल्वी उभा. बेसबॉल शिकवणाऱ्या फाउस्तीनो मास्तरांचा हात आधी टोपीला लागला, मग कानाला, मग पट्ट्याला.

पट्ट्याला लागला आणि मास्तरांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

पट्ट्याला हात ही बंटची खूण. बॅट फिरवायची नाही, चेंडूपुढे नुसती आडवी धरायची आणि चेंडू टपकन पुढ्यात पडू द्यायचा. मारणारा बाद होतो, पण आधीच बेसवर असलेला भिडू एक बेस पुढे सरकतो. अशा वेळी असंच खेळायचं, हे मास्तरांनी या उसाच्या गावात पोरांकडून घोटून घेतलं होतं. झोपेतून उठवलं तरी करून दाखवतील अशी पोरं. आणि मास्तरांचा हातही त्यातलाच, त्यांना न विचारता गेला.

पण आज सामना कोणाला जिंकायचा होता! आज प्रेक्षकांच्या फळीवर उत्तरेतल्या मोठ्या क्लबचा, होतकरू पोरं हेरून नेणारा स्काउट बसला होता. योल्वीचं धावणं त्याला आवडलं, फेक आवडली. सरावाचे चेंडूही योल्वीने झोडपले. "सरावाला सगळेच मारतात," तो म्हणाला, "खऱ्या पिचरसमोर बॅट फिरवताना बघू द्या, मग बोलू." आणि नशीब बघा, समोरच्या संघाचा चेंडू टाकणारा पिचर असा भरकटलेला की योल्वीला आधीच्या दोन्ही पाळ्यांत मारण्याजोगा चेंडूच आला नाही. वाईट चेंडूच्या नादी लागायचं नाही, हेही मास्तरांनीच शिकवलेलं. पोरगा शहाण्यासारखा गप्प उभा राहिला आणि चार वाईट चेंडूंवर बेस फुकट मिळतो म्हणून दोन्ही वेळा चालत पहिल्या बेसवर गेला. ही शेवटची पाळी. इथे सोळाव्या वर्षी पोरांना उचलतात. योल्वी अठराला टेकला होता. यापुढे त्याला विचारतो कोण?

खूण पुसायची म्हणून मास्तरांनी घाईघाईने छातीवरून हात फिरवला. पण योल्वीने मान हलवून केव्हाच तोंड पिचरकडे वळवलं होतं.

"योल्वी! अरे योल्वी!"

सगळं मैदानच योल्वी, योल्वी करत होतं. त्यात मास्तरांचं कोण ऐकतो?

चेंडू आला तो अगदी मधोमध, ताटात वाढल्यासारखा. सबंध दुपारभर त्या पिचरने असा एक चेंडू टाकला नव्हता. योल्वीने गुडघे वाकवले, बॅट आडवी धरली. टप्. चेंडू रेषेच्या आत गवतात जाऊन निजला. योल्वी बाद झाला, नेरी तिसऱ्या बेसवर पोचला. पुढच्याने चेंडू उंच मारला, नेरी घरच्या बेसवर आला, जिंकायचा गुण मिळाला, सामना संपला. पोरं नाचत सुटली. योल्वीच्या डोक्यावर कोणीतरी बर्फाच्या पाण्याची बादली उपडी केली.

मास्तर फळीकडे जवळजवळ पळतच गेले. स्काउट उन्हाचा चष्मा पुसत होता.

"चूक माझी आहे," मास्तर म्हणाले. "खूण मी केली. सवयीने हात गेला हो. त्याला अजून एकदा उभा करतो. त्यांच्याच पिचरला थांबवतो, हवं तर पाया पडतो त्याच्या."

"खूण दिसली मला, फाउस्तीनो मास्तर. सगळेच मास्तर करतात. परवा किनाऱ्यावरच्या गावात एकाने केली. पोराने बघून न बघितल्यासारखं केलं आणि असा उचलून मारला की चेंडू अजून सापडला नसेल."

"मग?"

"मग काय. तिथल्या मास्तरांनी त्याला शिव्या घातल्या. मी त्याला घेतला."

आपला तो हात कोयत्याखाली धरावा असं फाउस्तीनो मास्तरांना वाटलं. नुसत्या हाताचं काय घेऊन बसलात, ऐकायला कोणी शिकवलं? हा पोरगा नऊ वर्षांचा होता तेव्हा एकदा खूण न बघता चेंडू मारला म्हणून यांनीच त्याला उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. त्यानंतर त्याने एक खूण चुकवली नाही.

स्काउट उठला. जाता जाता त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "बंट मात्र सुरेख होता हं. इतका सुरेख बंट कितीतरी दिवसांत बघितला नाही."

त्याची गाडी धूळ उडवत डांबरी रस्त्याला लागली. योल्वी धावत आला, डोक्यावरून पाणी ठिबकतंय, दात सगळे बाहेर.

"मास्तर, काय म्हणाला?"

मास्तरांनी टोपी काढली, परत घातली.

"बोला ना! काय म्हणाला?"

"बंट सुरेख होता म्हणाला."

"बघा! मी नेरीला तेच सांगत होतो. हा गडी वेगळा आहे, ह्याला खेळ कळतो. बाकीचे नुसते धोपटणारे बघतात." योल्वीने हातमोजा काखेत मारला. "थांबा, आईला सांगून येतो. सकाळपासून देवापुढून उठली नाहीये ती."

आणि तो पळाला. मैदान ओलांडून, कुंपणाच्या फटीतून, घराच्या वाटेला.

"योल्वी!" मास्तर ओरडले.

या खेपेला त्याला ऐकू गेलं. तो जागच्या जागी थांबला, खूण झाल्यासारखा, आणि वळून बघत राहिला.

"काय मास्तर?"

मास्तरांनी तोंड उघडलं.

"काही नाही रे," ते म्हणाले. "उन्हातून पळू नकोस. सावकाश जा."