ओंजळ धरा

दौलताबादच्या वाटेवरच्या वस्तीला दुष्काळातही ओढ्यातला एक झरा पाणी देत होता. पाटलाच्या नातवानं प्लॉटिंगसाठी त्याच्यावर मुरूम ओतला, अन् आता तो तक्रार करणाऱ्या मनकर्णाबाईच्या दारात हात जोडून उभा राहिला. “मावशी, तेवढी तक्रार मागं घ्या. लई ऊन हाय, पाणी तरी पाजा.” तिनं आतून तांब्या आणला. “बसा, मालक. ओंजळ धरा, वरून वतते.” “आता कुठं राहिलं तसलं?” तो हसला. “तुमच्या आजीनं माझ्या मायला असंच पाजलं, न शिवता. मी रीत पाळते.” तक्रार मिटावी म्हणून त्यानं तेही सोसलं, ओंजळ तोंडाशी नेऊन डोळे मिटले. तांब्या कलला. दातांवर खडे वाजले. तो थुंकत उठला, तर अख्खी वस्ती दारात उभी. “तुमच्या आजीनं वरून का व्हईना, पाणी दिलं,” मनकर्णाबाई म्हणाली, “तुम्ही मुरूम दिला. गिळा.”