तेवीस नंबरचं नशीब

पोलंडमधल्या आमच्या क्राकूवच्या शाळेत गणिताच्या तासाला आधी डब्यातून चिठ्ठी निघते. हजेरीपटातला ज्याचा नंबर निघेल, त्याला त्या दिवशी फळ्यापाशी बोलवत नाहीत. आज सलग तिसऱ्या दिवशी माझाच, तेवीस निघाला.

"काय गं यागोदा, चिठ्ठ्यांना लाच देतेस का?" किंगा म्हणाली. आणि फळ्यापाशी तिलाच जावं लागलं.

एक भागिले (√५ वजा २). छेदातलं वर्गमूळ घालवायचं होतं. किंगा घामाघूम झाली. मालेत्स्का बाईंची नजर एकेका बाकावर थांबे आणि मला तेवढं टाळून पुढे जाई. बाकाखाली माझे पाय ठरेनात. शेवटी मी उठलेच. किंगाच्या हातून खडू घेतला, वर-खाली √५ अधिक २ ने गुणलं. छेदात नुसता एक उरला.

तास संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. "अगं, सोमवारपासून डब्यात सगळ्या चिठ्ठ्या तेवीसच्याच आहेत. गेल्या आठवड्यात फळ्यापाशी रडलीस ना, म्हणून."

"तेव्हापासून मी रोज हीच गणितं सोडवतेय, बाई. आणि तुम्ही चिठ्ठ्या लिहीत बसलात?"